दौरा विलायतेचा, कसोटी घरची

भारताचा क्रिकेटसंघ विलायतेला, ऑस्ट्रेलियाला, आफ्रिकेला कसोटी खेळायला निघाला की जळगाव-धुळ्याकडं काय होतं ते तुम्हांला सांगायला नको. पानटपरीवर, एस.टी. स्टँडवर, कोर्टाच्या आवारात एकच विषय. एकेकाळी कानाला ट्रान्झिस्टर, आता हातात मोबाईल. आपल्या वस्त्याही त्यातून सुटलेल्या नाहीत. बुद्धविहाराच्या ओट्यावर बसून पोरं लॉर्ड्सची खेळपट्टी कशी आहे ते एकमेकांना समजावून सांगतात.

यावर आपल्या कार्यकर्त्यांत दोन मतं आहेत. एक गट म्हणतो, हा खेळ बामणांचा आणि संस्थानिकांचा, आपला त्याच्याशी काय संबंध? ही अफू आहे, सोडून द्या. दुसरा गट काहीच म्हणत नाही. तो मुकाट्यानं मॅच बघतो आणि संध्याकाळी मोर्चाला येतो. मला दोन्ही गट मान्य नाहीत. पहिला मैदान सोडून पळतो. दुसरा मैदानात असतो, पण डोकं घरी ठेवून.

माझं म्हणणं वेगळं आहे. भारत या नावानं जो पहिला संघ विलायतेच्या दौऱ्यावर गेला, त्याचा सगळ्यांत मोठा गोलंदाज अस्पृश्य होता. पालवणकर बाळू त्याचं नाव. जात चांभार. वर्ष १९११. हे आता बऱ्याच जणांनी वाचलेलं आहे. पण ज्यांनी लिहिलं त्यांनी कसं लिहिलं, कशासाठी लिहिलं, याची चिकित्सा आपण केलेली नाही. म्हणून हा लेख क्रिकेटवर नाही. क्रिकेटच्या दौऱ्याची जी गोष्ट आपल्याला सांगितली जाते, त्या गोष्टीवर आहे.

*

आधी हिशेब मांडू. भावनेनं बोलायच्या आधी आकडे पाहिजेत, हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलं.

१९११ चा दौरा कसोटी दौरा नव्हता. भारताला कसोटीचा दर्जा १९३२ साली मिळाला. त्याआधी १८८६ आणि १८८८ साली पारशी मंडळी स्वतःचे संघ घेऊन विलायतेला जाऊन आली होती. पण हिंदू, मुसलमान, पारशी एकत्र घेऊन भारताचा संघ म्हणून गेला तो १९११ साली. पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाचं ते वर्ष. संघाचा कप्तान पतियाळाचा महाराजा भूपिंदरसिंग, वय वर्षं १९. कप्तान कशामुळं? महाराजा होता म्हणून. तो थोडे सामने खेळला, बाकी वेळ दरबारी समारंभात गुंतला.

संघानं एकंदर २३ सामने खेळले. जिंकले ६, हरले १५, दोन अनिर्णित. म्हणजे दौरा फसला. पण त्या फसलेल्या दौऱ्यात पस्तिशीच्या पुढं सरकलेल्या बाळूनं ११४ बळी घेतले. त्यातले ७५ पहिल्या दर्जाच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी. लेस्टरशायरला भारतीयांनी हरवलं त्या सामन्यात बाळूचे ११ बळी. सॉमरसेटविरुद्धचा सामना एका विकेटनं जिंकला, त्यात बाळूच्या धाकट्या भावानं, शिवरामनं शतक काढलं. संघातले हिंदू पाच. पाचांपैकी दोघं हे चांभाराघरचे सख्खे भाऊ.

आता हा हिशेब नीट वाचा. महाराजा कप्तान, आणि राबणारा कोण? सगळ्या दौऱ्याचं ओझं एका डावखुऱ्या हातानं ओढलं. दुखऱ्या खांद्यानं ओढलं.

आणखी एक गोष्ट. हा संघ निवडला कसा? प्रशांत किदंबी यांनी २०१९ साली या दौऱ्यावर इंग्रजीत मोठं पुस्तक लिहिलं. त्यात ते दाखवतात की, याआधीचा दौऱ्याचा एक बेत कोणत्या जमातीचे किती खेळाडू यावरच्या भांडणात बुडाला होता. १९११ ला हिशेब बसला : पारशी ६, हिंदू ५, मुसलमान ३, आणि वर शीख महाराजा कप्तान. म्हणजे भारताचा पहिला संघ जमाती मोजूनच उभा राहिला. आज राखीव जागांचं नाव काढलं की हे लोक 'क्रिकेटमध्ये बघा, तिथं फक्त गुणवत्ता चालते' असा दाखला तोंडावर फेकतात. त्यांना हा पहिला संघ दाखवा. दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट मंडळानं २०१६ साली ठरवलं की, वर्षाच्या सरासरीनं संघात सहा बिगरगोरे खेळाडू असले पाहिजेत, त्यांत किमान दोन काळे आफ्रिकन. ते उघड लिहून ठेवलं. इथं मोजणी झाली, पण ती मोजणी होती हे विसरून जायची सोय केली.

*

आता गोष्टीकडं येऊ. ही गोष्ट दोन-तीन तऱ्हांनी सांगितली जाते.

पहिली तऱ्हा सुधारकांची. ती बाळूच्या हयातीतच सुरू झाली. १९०६ साली हिंदूंच्या संघानं मुंबईत युरोपियनांना हरवलं. बाळू आणि शिवराम त्या संघात होते. जिमखान्यात ते इतरांबरोबर जेवायला बसले. लगेच सुधारकांच्या पत्रांतून आनंद व्यक्त झाला की, बघा, खेळानं जात मोडायला सुरुवात केली. तेव्हापासून हे पालुपद चालू आहे. खेळाचं मैदान सगळ्यांना सारखं. चेंडूला जात नसते. वगैरे वगैरे.

चेंडूला जात नसते हे कबूल. पण चहाच्या कपाला असते. बाळू पुण्याच्या हिंदू क्लबातून खेळायचा तेव्हा चहाच्या सुट्टीत बाकीचे आत बसत आणि चिनीमातीच्या कपातून चहा पीत. बाळूला बाहेर, मातीच्या वेळणीत. जेवायचं ताट वेगळं, जागा वेगळी. तोंड धुवायचं पाणी द्यायला माणूसही अस्पृश्यच लागे. म्हणजे बाळूनं चेंडू हातात घेतला की तो चेंडू बामणाच्या पोरानं झेलायचा, बाळूच्या हातात परत टाकायचा, यात विटाळ नाही. पण पाच मिनिटांनी त्याच हातात कप देताना विटाळ! मग जात मोडली कुठं? जात फक्त थोडा वेळ बाजूला ठेवली. कामापुरती. आपल्या बायामाणसांकडून शेतातली निंदणी करून घेताना गावाला विटाळ होत नाही, पाणी वाढताना होतो. तसंच हे.

इथं माझा मुद्दा येतो. सवर्ण समाजानं बाळूला खेळाडू म्हणून आत घेतलं नाही, कामगार म्हणून घेतलं. तो मैदानात आलाच कसा बघा. पुण्याला पारशांच्या मैदानावर झाडू मारायचा आणि रोलर ओढायचा, पगार महिना तीन रुपये. मग युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथं जाळ्या लावायच्या, टेनिसच्या रेषा आखायच्या. हळूहळू साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचं काम मिळालं. ग्रेग नावाचा साहेब मोठा फलंदाज. त्याला बाद केलं की आठ आणे बक्षीस देई असं सांगतात. तासन् तास बाळू टाकायचा आणि ग्रेग मारायचा. पण कुणी बाळूला म्हणालं नाही की बाबा रे, तूही जरा बॅट धर. बॅट धरणं हे साहेबाचं, बामणाचं, राजाचं काम. चेंडू टाकणं हे घाम गाळायचं काम.

ही वाटणी फक्त आपल्याकडं होती असंही समजू नका. विलायतेला गेलेल्या बाळूला तिथं बरोबरीनं वागवलं म्हणून आपले काही लोक इंग्रजांचे गोडवे गातात. बोटीवर, हॉटेलात, गाडीत त्याला आपल्या संघातल्या लोकांबरोबर बसता-जेवता आलं ही गोष्ट लहान नाही. पण इंग्रजांच्या क्रिकेटलाही स्वतःचा वर्णाश्रम होता. हौशी ते 'जंटलमन', पगारी ते 'प्लेअर्स'. लॉर्ड्सवर दोघांना मैदानात यायची दारं वेगळी. कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या. खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्यांची पोरं चेंडू टाकायची, लॉर्डांची पोरं कप्तान व्हायची. हा भेद तिथं १९६२ साली अधिकृतपणे संपला. विसाव्या शतकात पगारी खेळाडू इंग्लंडचा कप्तान झाला तो लेन हटन, १९५२ साली. म्हणजे बाळू ज्या देशात गेला तिथंही दोन दारं होतीच. फरक एवढाच की तिथलं दार पगारावरून ठरे. पगारी पोरगा पुढंमागं हौशी होऊ शकत होता. इथलं दार जन्मावरून ठरे, आणि जन्म बदलता येत नाही.

*

हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं, जुनं झालं, असं कुणाला वाटत असेल तर आपल्याकडच्या मैदानांवर जाऊन बघावं. मी शाळेत असताना आमच्या शहरातल्या एका क्लबाच्या मैदानावर मॅचच्या आदल्या दिवशी रोलर ओढायला आमच्या वस्तीतल्या चार-पाच पोरांना बोलवत. मीही गेलोय. उन्हाळ्यातला खानदेशी फुफाटा, जमीन तापलेली, आणि लोखंडी रोलर. बदल्यात वडापाव आणि मॅच फुकट बघायला मिळणार. आमच्यातला एक जण काय चेंडू टाकायचा! नेटमध्ये मोठमोठ्यांची भंबेरी उडवायचा. "काय रे, जबरा टाकतो भो!" असं म्हणून ते हसायचे. संघाची यादी लागली की त्यात त्याचं नाव नसायचं. कारण विचारलं तर उत्तर तयार असायचं. पांढरे कपडे नाहीत. बूट नाहीत. वर्गणी भरलेली नाही. जात हा शब्द कुणीही उच्चारला नाही. आता उच्चारावा लागतच नाही. कपडे, बूट आणि वर्गणी हे तीन शब्द मिळून तोच शब्द होतो.

म्हणून बाळूची गोष्ट मला पुण्याची वाटत नाही, इथली वाटते.

*

कप्तानपदाचं बघा. राबू द्यायचं, पण हुकूम करू द्यायचा नाही, हा जातीचा कायदा. १९११ चा दौरा गाजवून आलेला बाळू पुढं वर्षानुवर्षं हिंदूंच्या संघातला सर्वांत अनुभवी माणूस होता. पहिल्या दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, दर बळीला सरासरी १५ धावा. पण तो कधीही कप्तान झाला नाही. १९२० साली तर त्याला संघातूनच वगळलं आणि कप्तान केलं एम. डी. पै यांना. हे पै १९११ च्या दौऱ्यात बाळूबरोबरच होते. बाळूचं कर्तृत्व त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. पै माणूस वाईट होता असं माझं म्हणणं नाही. प्रश्न माणसाचा नाही, निवडणाऱ्या समितीचा आहे.

आणि इथं जे घडलं ते आपल्या पोरांनी पाठ करावं असं आहे. शिवराम आणि विठ्ठल या भावांनी संघातून अंग काढून घेतलं आणि जातीमुळं हा अन्याय होतो हे जाहीरपणे सांगितलं. १९२० साली! महाडचा सत्याग्रह व्हायला अजून सात वर्षं होती. गाजावाजा झाला, दबाव आला, आणि बाळूला पुढच्या सामन्यात उपकप्तान म्हणून परत आणावं लागलं. शेवटी १९२३ साली विठ्ठल हिंदूंचा कप्तान झाला आणि हिंदू स्पर्धा जिंकले. म्हणजे जे मिळालं ते खेळातल्या बंधुभावानं मिळालं नाही, बहिष्कारानं मिळालं. सुधारकांच्या गोष्टीत हा भाग शेवटी, घाईघाईनं येतो. आपल्या गोष्टीत तो मध्यभागी पाहिजे.

वेस्ट इंडीजचं उदाहरण ताडून पाहा. तिथं संघात काळे खेळाडू भरपूर, धावा त्यांच्या, बळी त्यांचे, पण कप्तान गोरा. सी. एल. आर. जेम्स या काळ्या मार्क्सवादी लेखकानं आपल्या वर्तमानपत्रातून मोहीम चालवली. फ्रँक वॉरेल १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर कप्तान म्हणून गेला. पूर्ण मालिकेसाठी नेमलेला तो पहिला काळा कप्तान. १९६३ साली जेम्सचं पुस्तक आलं. क्रिकेट हा राजकारणाचा भाग आहे हे त्यानं कुणाची माफी न मागता सांगितलं. तिकडं काळ्या माणसाचं कप्तानपद काळ्या माणसानं लढवलं, आणि त्याचा इतिहासही त्यानंच लिहिला. आपल्याकडं लढे झाले, इतिहास मात्र दुसऱ्यांनी लिहिला. फरक इथं पडतो.

*

गोष्टीची दुसरी तऱ्हा सिनेमाची. २००१ साली 'लगान' आला. आपल्या वस्त्यांत शिट्ट्या वाजल्या, आणि का वाजू नयेत? पडद्यावर अस्पृश्य गोलंदाज दिसला. पण त्याचं नाव काय? कचरा. त्याचा हात कसा? लुळा. चेंडू वळतो कशामुळं? हात लुळा आहे म्हणून!

मित्रहो, इथं थांबा. बाळूचा चेंडू वळायचा तो वर्षानुवर्षं दिवसचे दिवस टाकून कमावलेल्या बोटांमुळं. ती कारागिरी होती, विद्या होती. 'लगान'नं ती विद्या काढून घेतली आणि तिच्या जागी अपंगत्व ठेवलं. म्हणजे दलिताकडं गुण असलाच तर तो देवानं चुकून दिलेला, त्याच्या स्वतःच्या मेहनतीचा नाही. द्रोणाचार्यानं एकलव्याचा अंगठा मागून घेतला. आपण खानदेशातले, भिल्लांच्या शेजारचे, आपल्याला ही गोष्ट परकी नाही. सिनेमानं अंगठा मागितला नाही, हातच जन्मतः लुळा करून टाकला. मागायची वेळच नको.

शिवाय कचरा स्वतः काही बोलत नाही. त्याला संघात घ्यावं म्हणून भाषण करतो तो नायक, भुवन. कचरा हात जोडून उभा. आणि शेवटी बघा, शेवटच्या चेंडूला बॅट कचऱ्याच्या हातात आहे. त्याला एकच धाव मिळते. मग तो चेंडू नो-बॉल ठरतो, भुवन समोर येतो आणि षटकार मारतो. अस्पृश्यानं एक धाव काढून सवर्णाला मोका द्यायचा, एवढंच त्याचं काम. शिवराम आणि विठ्ठल यांचा बहिष्कार ज्यानं वाचलाय त्याला हा शेवट गिळता येणार नाही.

*

तिसरी तऱ्हा इतिहासकाराची. रामचंद्र गुहा यांनी २००२ साली क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरचं पुस्तक काढलं आणि बाळूला विस्मृतीतून वर आणलं. जुनी वर्तमानपत्रं चाळून, विठ्ठलनं १९४८ साली मराठीत लिहिलेलं 'माझे क्रीडा-जीवन' शोधून काढून त्यांनी हे काम केलं. त्याबद्दल त्यांना दाद दिलीच पाहिजे. ते काम आपल्याकडून व्हायला हवं होतं. मराठीतलं पुस्तक, मराठी खेळाडूचं, आणि ते इंग्रजीतून आपल्याकडं परत आलं. ही नामुष्की गुहांची नाही, मराठी साहित्याची आहे. पुण्या-मुंबईच्या क्रिकेट-लेखकांनी जुन्या सामन्यांच्या आठवणींचे रकानेच्या रकाने भरले, त्यांना विठ्ठलचं पुस्तक दिसलं नाही?

पण गुहांशीही माझं भांडण आहे. त्यांना बाळू हवाय तो राष्ट्राच्या इतिहासासाठी. भारताचा पहिला मोठा क्रिकेटपटू म्हणून, देशानं विसरलेला सुपुत्र म्हणून. बाळूला राष्ट्राच्या माळेत ओवलं की राष्ट्राचं पाप थोडं हलकं होतं. मला बाळू वेगळ्या कामासाठी हवा आहे. परदेशातला मान घरी आणल्यावर त्याचं काय होतं, हे समजून घ्यायला.

१९११ साली दौऱ्यावरून परतल्यावर मुंबईत बाळूचा सत्कार झाला. अस्पृश्यांच्या वतीनं त्याला मानपत्र देण्यात आलं. त्या मानपत्राशी तरुण भीमराव आंबेडकरांचं नाव गुहा जोडतात. भीमराव तेव्हा वीस वर्षांचे, एल्फिन्स्टनचे विद्यार्थी. लक्षात घ्या, अस्पृश्य समाजाला त्या दिवशी किती मोठं वाटलं असेल! आपला माणूस राजाच्या देशात जाऊन साहेबांना बाद करून आला.

दोन वर्षांनी भीमरावही परदेशी गेले. अमेरिका, मग लंडन. १९१७ साली परत आले तेव्हा बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशाच्या धर्मशाळेतून लाठ्या दाखवून बाहेर काढलं. आणि १९२९ साली काय झालं ते तर आपल्या मातीत झालं. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला सरकारनं नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात आले. धुळ्याकडचं काम आटोपून परतताना चाळीसगावला उतरले. आपली माणसं न्यायला आली होती. तासभर स्टेशनात ताटकळत बसावं लागलं, कारण एकही टांगेवाला महाराला टांग्यात बसवून हाकायला तयार नव्हता. शेवटी टांगा मिळाला, हाकणारा नाही. मग आपल्यातल्याच एकानं लगाम धरला. त्याला सवय नव्हती. मोरीवर टांगा आदळला, बाबासाहेब खाली दगडांवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं.

कोलंबियाची डॉक्टरेट, लंडनची डी.एस्सी., बॅरिस्टरी. चाळीसगावच्या टांगेवाल्यापुढं या सगळ्याची किंमत शून्य. हातावर पोट असलेला टांगेवाला आणि तो बॅरिस्टरापेक्षा स्वतःला वरचा समजतो. बाबासाहेबांनी हे स्वतःच लिहून ठेवलं आहे.

आता या दोन परतीच्या वाटा शेजारी ठेवा. लेस्टरला ११ बळी घेऊन आलेला बाळू नऊ वर्षांनी संघातून वगळला जातो. लंडनहून आलेल्या बॅरिस्टराला चाळीसगावला टांगा मिळत नाही. परदेशात मिळालेला मान बोटीतून उतरताना धक्क्यावरच काढून ठेवावा लागतो. म्हणून म्हणतो, कसोटी लॉर्ड्सवर नसते. कसोटी असते पुण्याच्या चहाच्या वेळणीत आणि चाळीसगावच्या टांग्यात. भारताचा संघ बाहेर किती सामने जिंकला हे बघून देश पुढं गेला का ते कळत नाही. देशाचा माणूस घरी परतल्यावर त्याला कुठं बसवतात, हे बघून कळतं.

*

इथपर्यंत सगळे माना डोलावतील. पुढचं अवघड आहे.

आपले कार्यकर्ते मला विचारतात, "भाऊ, हे सगळं खरं, पण बाळू आपला कसा? तो तर बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला."

राहिला. लपवायचं कारण नाही. १९३२ साल आठवा. जून महिन्यात, २५ तारखेला, लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी सुरू झाली. ऑगस्टात जातीय निवाडा आला, अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. गांधींनी उपोषण मांडलं. २४ सप्टेंबरला येरवड्यात पुणे करार झाला. त्या वर्षी बाळू राजा-मुंजे कराराच्या बाजूचा होता, म्हणजे स्वतंत्र मतदारसंघाच्या विरुद्ध. पुणे करारावर त्याचीही सही आहे. आणि १९३७ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसनं उमेदवार दिला तो पालवणकर बाळू. सुमारे दोन हजार मतांनी बाबासाहेब निवडून आले. त्याच वर्षी ३१ जुलैला ते एका खटल्यासाठी धुळ्याला आले. आपल्याकडं त्या दिवसाची आठवण अजून जपतात. ज्या बाबासाहेबांना आपल्या आजोबा-पणजोबांनी धुळ्यात पाहिलं, ते नुकतेच बाळूला हरवून आलेले होते.

मग बाळूला टाकून द्यायचं?

काँग्रेसनं बाळूच का निवडला, ते आधी विचारा. बाबासाहेबांसमोर मालवीय उभे केले नाहीत, शेटजी उभा केला नाही. अस्पृश्यांमध्ये ज्याचं नाव बाबासाहेबांच्या आधीपासून घरोघरी होतं, असा माणूस शोधला. शिवाय तो चांभार, बाबासाहेब महार. ही गोलंदाजी कुणाची होती ते ओळखा. चेंडू बाळू होता, टाकणारा हात दुसऱ्याचा होता. ज्यांनी त्याला हिंदूंच्या संघाचं कप्तानपद कधी दिलं नाही, त्यांनीच हिंदूंच्या ऐक्यासाठी त्याला पुढं केलं. राबवून घ्यायची ही जुनीच रीत, फक्त मैदान बदललं.

बाळूची राजकीय निवड चूक होती, असं मी स्पष्ट म्हणतो. ज्या हिंदू संघानं आपल्याला बाहेर बसवून चहा पाजला, तो संघ आपला आहे असं त्याला वाटत राहिलं. आतून सुधारेल असं वाटत राहिलं. बाबासाहेबांना १९३५ साली येवल्यात कळून चुकलं होतं की हा संघ सोडावा लागेल. दोघांनीही तोच अपमान गिळला, पण वाटा वेगळ्या झाल्या. का झाल्या? हा प्रश्न आपल्या लेखकांनी हाताळायला पाहिजे. तो हाताळायचा सोडून आपण बाळूला वाळीत टाकलं. वाळीत टाकणं ही आपली पद्धत आहे का? ती ज्यांची आहे त्यांना शोभते.

आणि खरं दुखणं पुढंच आहे. जळगाव घ्या, धुळे घ्या, भुसावळ, अमळनेर, शिरपूर, कुठंही जा. बौद्धवाडा आणि चांभारवाडा यांच्यामध्ये एक गल्ली असते. गल्ली आठ-दहा फुटांची. पण १४ एप्रिलची मिरवणूक तिकडून जात नाही आणि रोहिदास जयंतीला आपण जात नाही. १९३७ साली काँग्रेसनं जी रेघ ओढली, तिच्यावर आपण दरवर्षी चुना टाकून ती ताजी करतो. रेषा आखायचं काम पूना क्लबात बाळू करायचा, चार रुपये घेऊन. आपण फुकट करतो.

*

म्हणून शेवटी कामाचं बोलतो. लिहिणाऱ्या पोरांना तीन कामं आहेत.

एक. विठ्ठलचं पुस्तक शोधा. जुन्या वाचनालयांच्या कपाटात, रद्दीत, कुठंही मिळो. दलित आत्मकथांचा इतिहास सांगताना आपण साठ-सत्तरच्या दशकापासून सुरुवात करतो. १९४८ साली एका चांभार कप्तानानं मराठीत आत्मचरित्र लिहिलं, त्याची नोंद आपल्या समीक्षेत कुठं आहे? ते पुस्तक विद्रोही नसेल, मवाळ असेल, गांधींचं गुणगान असेल. असू द्या. वाचून मग भांडू. न वाचता भांडणं हे बामणी काम.

दोन. आपापल्या गावच्या मैदानांवर रोलर कोण ओढत होतं, जाळ्या कोण बांधत होतं, चेंडू कोण शिवत होतं, ते म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्या. चामड्याचा चेंडू शिवणारे हात कुणाचे असतात हे मला सांगायला लावू नका. खेळाचा इतिहास धावफलकावर नसतो, तो त्या हातांत असतो.

तीन. ती गल्ली ओलांडा. चांभारवाड्यात जाऊन पालवणकर बाळूवर बोला. १९११ चा दौरा सांगा, १९२० चा बहिष्कार सांगा, आणि १९३७ ही सांगा, न लपवता. ते ऐकून कुणी चिडेल, कुणी उठून जाईल. पण चर्चा होईल. आपल्या दोन वस्त्यांत इतक्या वर्षांत तीच झालेली नाही.

पुढचा संघ परदेशी कसोटीला निघेल तेव्हा जरूर मॅच बघा. मीही बघतो. पण ओट्यावर बसलेल्या पोरांना विचारा, पहिल्या दौऱ्यात सगळ्यांत जास्त बळी कुणी घेतले? उत्तर आलं नाही तर तिथंच बसून सांगा. पानटपरीवर सांगा. आणि सांगताना मातीची वेळणी विसरू नका.

जयभीम.